ताइइची ओनो

ताइइची ओनो (जन्म : २९ फेब्रुवारी १९१२, दालियन, मृत्यू : २८ मे १९९०, टोयोटा शहर, जपान) हे जपानी यंत्र-अभियंते आणि टोयोटा मोटर कंपनीचे कार्यकारी उपाध्यक्ष होते. टोयोटा उत्पादन पद्धतीचे प्रमुख शिल्पकार म्हणून ते ओळखले जातात. लागेल तो भाग, लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच पुढच्या टप्प्यावर पोहोचावा, ही कल्पना मुळात टोयोटाचे संस्थापक किइचिरो तोयोदा यांची होती. तिला प्रत्यक्ष कारखान्यात चालेल असे रूप देण्याचे काम ओनोंनी सुमारे तीस वर्षे केले. पुरवठा साखळी व्यवस्थापन हा शब्दप्रयोग १९८०च्या दशकात रूढ झाला, परंतु त्या विषयात आज जे शिकवले जाते त्याचा मोठा भाग ओनोंनी त्याआधीच यंत्रशाळेत करून पाहिला होता.

जन्म व शिक्षण

ओनोंचा जन्म मांचुरियाच्या दक्षिण टोकावरील दालियन या बंदरात झाला. हे शहर आज चीनमध्ये असले, तरी त्या काळी ते जपानच्या ताब्यात होते. नागोया येथील उच्च तंत्रविद्यालयातून त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले. जागतिक मंदीमुळे नोकऱ्या दुर्मीळ झाल्या असताना, १९३२ साली ते तोयोदा घराण्याच्या कापड गिरणीत रुजू झाले.

या घराण्याचा मूळ व्यवसाय मागांचा होता. साकिची तोयोदा यांनी १९२४ मध्ये पूर्णत्वास नेलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे. माग थांबल्यामुळे सदोष कापड विणले जात नसे आणि प्रत्येक मागापाशी एक कामगार उभा करण्याची गरजही उरत नसे. एक कामगार अनेक माग सांभाळू शके. ओनोंनी पुढे मोटारींच्या कारखान्यात जे केले त्याचे बीज या गिरणीतच आढळते. मोटार उद्योगात वाढलेल्या अभियंत्याला एक माणूस आणि एक यंत्र ही जोडी स्वाभाविक वाटे, पण गिरणीतून आलेल्या ओनोंना ती तशी वाटली नाही.

गिरणीत असतानाच, १९३७च्या सुमारास, त्यांच्या कानावर एक हिशेब आला. जर्मन कामगार जपानी कामगाराच्या तिप्पट उत्पादन करतो आणि अमेरिकन कामगार जर्मन कामगाराच्या तिप्पट, असा तो हिशेब होता. म्हणजे एका अमेरिकन माणसाच्या कामाला नऊ जपानी माणसे लागत. अमेरिकन माणूस नऊपट अंगमेहनत करत असणे शक्य नाही, तेव्हा जपानी कारखान्यात बरेच काही वाया जात असले पाहिजे, असा निष्कर्ष ओनोंनी काढला. हे आकडे कितपत अचूक होते हा वेगळा प्रश्न आहे, पण नेमके काय वाया जाते याचा शोध त्यांनी नंतर आयुष्यभर घेतला.

टोयोटाच्या यंत्रशाळेत

१९४३ मध्ये त्यांची बदली टोयोटा मोटर कंपनीत झाली. युद्ध संपले तेव्हा देश उद्ध्वस्त झाला होता आणि पोलाद, यंत्रे व भांडवल या तिन्हींची टंचाई होती. अशा वेळी किइचिरो तोयोदा यांनी तीन वर्षांत अमेरिकेची बरोबरी करण्याचे ध्येय कंपनीपुढे ठेवले. त्या काळी मोठे अमेरिकन कारखाने एकाच नमुन्याच्या मोटारी प्रचंड संख्येने बनवून प्रत्येक नगाचा खर्च खाली आणत. जपानची बाजारपेठ लहान होती आणि तिला मालमोटारी व मोटारींचे अनेक नमुने थोड्या थोड्या संख्येत हवे होते. त्यामुळे अमेरिकन रीत जशीच्या तशी उचलणे शक्य नव्हते.

ओनो कोरोमो येथील कारखान्यात यंत्रशाळेचे काम पाहत. (कोरोमो गावाचेच नाव १९५९ मध्ये टोयोटा असे करण्यात आले.) तोवर लेथ यंत्रे एका ठिकाणी, ड्रिलिंगची यंत्रे दुसऱ्या ठिकाणी आणि मिलिंगची यंत्रे तिसऱ्या ठिकाणी असत. भाग गठ्ठ्यागठ्ठ्याने एका विभागातून दुसऱ्या विभागात जात आणि वाटेत पडून राहत. ओनोंनी १९४७ पासून ही मांडणी मोडली. ज्या क्रमाने काम होते त्याच क्रमाने त्यांनी यंत्रे लावली, काटकोनात किंवा समोरासमोर मांडली आणि एका कामगाराकडे आधी दोन आणि पुढे तीन-चार यंत्रे दिली. यंत्राचे काम पूर्ण होताच किंवा काही बिघडताच ते आपोआप थांबेल अशी सोयही करून घेतली.

या बदलाला मोठा विरोध झाला. लेथवर काम करणारा कारागीर स्वतःला लेथचाच कारागीर समजे. वर्षानुवर्षे कमावलेल्या हातोटीवर त्याची प्रतिष्ठा अवलंबून होती आणि आता त्याने ड्रिलही चालवावे अशी अपेक्षा होती. आपल्याकडून जास्त काम काढून घेण्याचा हा डाव आहे अशी त्याची भावना झाली, आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. बराच काळ या साऱ्या प्रकाराला कंपनीत टोयोटा पद्धत नव्हे, तर ओनो पद्धत असेच म्हटले जाई आणि त्या नावात कौतुकाचा भाग फारसा नव्हता. एइजी तोयोदा यांच्यासारख्या वरिष्ठांनी पाठीशी उभे राहून हे प्रयोग चालू दिले.

१९५०चे संकट

१९४९ मध्ये अमेरिकन सल्लागार जोसेफ डॉज यांच्या धोरणानुसार जपानने महागाई रोखण्यासाठी कठोर आर्थिक उपाय योजले. कर्जे आटली, ग्राहकांकडून हप्ते येईनासे झाले आणि न विकलेल्या मालमोटारी कारखान्याच्या आवारात साचल्या. कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. बँक ऑफ जपानच्या नागोया शाखेच्या पुढाकाराने बँकांच्या गटाने कर्ज दिले, पण त्यासाठी अटी घातल्या. विक्रीसाठी वेगळी कंपनी स्थापन करावी, विकला जाईल तेवढाच माल बनवावा आणि कामगार कमी करावेत, असे त्यांचे स्वरूप होते.

एप्रिल १९५० मध्ये सुरू झालेला संघर्ष जूनपर्यंत चालला. शेवटी दीड ते दोन हजार कामगारांना कंपनी सोडावी लागली. कोणालाही कामावरून काढणार नाही ही भूमिका टिकवता न आल्याची जबाबदारी स्वीकारून किइचिरो तोयोदा यांनी अध्यक्षपद सोडले आणि ताइझो इशिदा त्यांच्या जागी आले. त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध पेटले. अमेरिकन सैन्याकडून हजारो मालमोटारींची मागणी आल्याने कंपनी सावरली. किइचिरो मात्र १९५२ मध्ये, कंपनीत परतण्यापूर्वीच, निधन पावले.

ओनोंच्या पुढील विचारांवर या वर्षाची छाप स्पष्ट दिसते. आवारात उभा असलेला तयार माल हिशेबाच्या वहीत मालमत्ता म्हणून दिसत होता, पण त्यात अडकलेल्या पैशापायी माणसांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. ओनोंनी पुढे कारखान्यातील अपव्ययाचे सात प्रकार सांगितले : गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल. यांपैकी पहिला प्रकार त्यांनी सर्वांत वाईट मानला, कारण उरलेले बहुतेक प्रकार त्याच्या आडोशाने वाढतात. भरपूर साठा असला की यंत्र बंद पडले तरी कोणाचे अडत नाही, पुरवठादार उशीर करतो तेही जाणवत नाही आणि दोषयुक्त भाग चांगल्या भागांखाली दडून राहतात. साठा कमी केला की हे सारे उघडे पडते. ओनोंना तेच हवे होते. साठा कमी करण्यामागे केवळ गोदामाचे भाडे वाचवण्याचा हेतू आहे असा समज नंतर अनेक ठिकाणी झाला आणि तिथे ही पद्धत फसली.

कानबान

त्या काळी उत्पादनाचा आराखडा कार्यालयात तयार होई आणि प्रत्येक विभाग आपल्या वाट्याचे भाग बनवून पुढे ढकलत असे. पुढे त्यांची गरज आहे की नाही हे बनवणाऱ्याला ठाऊक नसे. टोयोटात महिन्याचा पहिला अर्धा भाग सुटे भाग गोळा करण्यात जाई आणि जुळणीची सारी घाई महिनाअखेरीस होई.

अमेरिकेतील सुपरमार्केटविषयी ओनोंनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ऐकले होते. तेथे ग्राहक स्वतः फळीवरून हवी ती वस्तू हवी तेवढी उचलतो आणि दुकानदार रिकामी झालेली जागाच भरतो. कारखान्याकडेही असे पाहता येईल, हे त्यांच्या लक्षात आले. पुढचा विभाग हा ग्राहक आणि मागचा विभाग हे दुकान. पुढच्याने मागच्याकडे जाऊन हवे तेवढे भाग आणावेत आणि मागच्याने नेले तेवढेच पुन्हा बनवावेत. १९५३ पासून त्यांनी आपल्या यंत्रशाळेत हा प्रयोग सुरू केला. १९५६ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात मोटारींच्या कारखान्यांबरोबर त्यांना सुपरमार्केटही प्रत्यक्ष पाहायला मिळाले. एका उद्योगाची युक्ती दुसऱ्या, वरकरणी संबंध नसलेल्या उद्योगात नेण्याचे हे ठळक उदाहरण मानले जाते.

मागणीचा हा निरोप मागे पोहोचवण्यासाठी त्यांनी साधी चिठ्ठी वापरली. जपानीत दुकानाच्या पाटीला कानबान म्हणतात, तेच नाव तिला मिळाले. प्लास्टिकच्या पाकिटातील या चिठ्ठीवर भागाचे नाव व क्रमांक, पेटीतील नगांची संख्या, तो कोठून येतो आणि कोठे जातो एवढीच माहिती असे. पेटीतील भाग वापरायला घेतले की चिठ्ठी काढून मागे पाठवायची. ती पोहोचेपर्यंत मागच्या विभागाने काहीही बनवायचे नाही, सदोष भाग पुढे द्यायचा नाही आणि चिठ्ठीशिवाय कोणतीही पेटी हलवायची नाही, असे तिचे नियम होते. कारखान्यात एकूण किती चिठ्ठ्या फिरतात यावरून साठ्याची कमाल मर्यादा ठरते. म्हणून चिठ्ठ्यांची संख्या हळूहळू कमी करत जाणे हाही नियमाचाच भाग होता. १९६२ पर्यंत कानबान सर्व टोयोटा कारखान्यांत लागू झाली. यंत्रशाळेतील पहिल्या प्रयोगापासून मोजले तर त्याला सुमारे दहा वर्षे लागली.

कानबानची चिठ्ठी डोळ्यांना दिसते, म्हणून तिचीच सर्वाधिक नक्कल झाली. तिला आधार देणाऱ्या दोन गोष्टी मात्र कमी प्रसिद्ध आहेत.

पहिली गोष्ट यंत्राची जोडणी बदलण्यास लागणारा वेळ. पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेसमधील साचा बदलण्यास १९४५ नंतरच्या दशकात दोन ते तीन तास लागत. एवढा वेळ मोडायचा तर एका साच्यावर हजारो नग काढून ठेवणेच परवडते, आणि मग साठा होणारच. टोयोटाने हा वेळ १९६२ पर्यंत पंधरा मिनिटांवर आणि १९७१ पर्यंत तीन मिनिटांवर आणला. या कामात सल्लागार अभियंता शिगेओ शिंगो यांचा मोठा वाटा होता. साचा बदलणे एवढे सोपे झाल्यावर थोडे थोडे नग काढणे परवडू लागले.

दुसरी गोष्ट उत्पादनाचा समतोल. जुळणी विभागाने सकाळी केवळ एका नमुन्याच्या आणि दुपारी केवळ दुसऱ्या नमुन्याच्या मोटारी बनवल्या, तर दुसऱ्या नमुन्याचे भाग पुरवणारा सकाळभर रिकामा बसतो आणि दुपारी त्याची तारांबळ उडते. त्याच्यामागे असलेल्या पुरवठादाराकडे हा चढउतार आणखी वाढत जातो. म्हणून ओनोंनी निरनिराळे नमुने एकाच जुळणी रांगेवर मिसळून, दिवसभर सारख्या प्रमाणात काढण्याचा आग्रह धरला. ग्राहकाची मागणी हेलकावे खात असली, तरी ती मागे पोहोचताना शक्य तेवढी सपाट झाली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. मागे जाता जाता मागणीचा चढउतार फुगत जातो हे आज पुरवठा साखळीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळते.

कार्यशैली

ओनो शिस्तीचे व तापट स्वभावाचे म्हणून प्रसिद्ध होते. तरुण अभियंत्याला कारखान्याच्या जमिनीवर खडूने काढलेल्या वर्तुळात उभे करून तासन्‌तास निरीक्षण करायला लावणे ही त्यांची शिकवण्याची रीत होती. काय पाहायचे हे ते सांगत नसत. परत आल्यावर विचारत, आणि उत्तर समाधानकारक वाटले नाही तर त्याला पुन्हा वर्तुळात पाठवत.

बिघाडाचे कारण शोधताना पाच वेळा का असे विचारावे, हा त्यांचा दंडक होता. त्यांनी स्वतः दिलेल्या उदाहरणात यंत्र बंद पडते, कारण भार वाढून फ्यूज उडालेला असतो. भार वाढतो, कारण बेअरिंगला वंगण पुरत नाही. वंगण पुरत नाही, कारण पंप नीट ओढत नाही. पंप ओढत नाही, कारण त्याचा दांडा झिजलेला असतो. दांडा झिजतो, कारण गाळणी नसल्याने धातूचा कीस आत जातो. पहिल्याच उत्तरावर थांबणारा फ्यूज बदलून मोकळा होतो आणि काही दिवसांनी यंत्र पुन्हा बंद पडते.

जुळणी रांगेवरील कोणत्याही कामगाराला दोष आढळल्यास संपूर्ण रांग थांबवण्याचा अधिकार देण्यात आला. कोठे अडचण आली हे डोक्यावरच्या फलकातील दिव्यावरून कळे. या फलकाला अँडॉन, म्हणजे कंदील, असे नाव पडले. रांग कधीच थांबत नसेल तर दोष झाकले जात आहेत, असे ओनो मानत.

किकुओ सुझुमुरा आणि पुढे कंपनीचे अध्यक्ष झालेले फुजिओ चो हे त्यांच्या शिष्यांपैकी होत. ओनो स्वतः १९५४ मध्ये संचालक झाले आणि १९७५ मध्ये कार्यकारी उपाध्यक्षपदापर्यंत पोहोचले. १९७८ मध्ये त्या पदावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी, ज्या गिरणीत नोकरीची सुरुवात केली होती त्या तोयोदा कंपनीचे अध्यक्षपद भूषवले.

पुरवठादार व टीका

१९६५ पासून कानबान बाहेरच्या पुरवठादारांनाही लागू होऊ लागली. ओनोंनी आपल्या हाताखालील माणसे पुरवठादारांच्या कारखान्यांत पाठवून तेथील मांडणी बदलून घेतली. मात्र ज्या पुरवठादाराकडे असे साहाय्य पोहोचले नाही, त्याच्या दृष्टीने टोयोटाचे गोदाम रिकामे होणे याचा अर्थ त्याचे स्वतःचे गोदाम भरणे एवढाच होता. दिवसातून अनेकदा थोडा थोडा माल पोहोचवण्याचा खर्च, रस्त्यांवरील मालमोटारींची वाढलेली गर्दी आणि उशीर झाल्यास येणारा दट्ट्या लहान कारखान्यांच्या वाट्याला आला. १९७७ मध्ये हा प्रश्न जपानच्या संसदेतही उपस्थित झाला. मोठ्या कंपनीने आपला भार लहान कंपनीवर ढकलणे हा पद्धतीचा विपर्यास आहे असे ओनोंचे म्हणणे होते, पण तो विपर्यास वारंवार घडला हे नाकारता येत नाही.

कामगारांच्या बाजूनेही टीका झाली. पत्रकार सातोशी कामाता यांनी १९७२ मध्ये टोयोटात हंगामी कामगार म्हणून काम केले आणि पुढच्या वर्षी त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. जुळणी रांगेचा वाढता वेग, थकवा आणि सक्तीचे जादा काम यांचे चित्रण त्यात आहे. माणसाची प्रत्येक निरुपयोगी हालचाल काढून टाकली की त्याला श्वास घ्यायला मिळणारी उसंतही जाते, हा त्या टीकेचा गाभा आहे. ओनोंच्या लेखनात या आक्षेपाला पुरेसे उत्तर मिळत नाही.

प्रसार

१९७३ च्या तेलसंकटानंतर जपानी उद्योगांची वाढ खुंटली, पण टोयोटा इतरांपेक्षा लवकर सावरली. तेव्हा या पद्धतीकडे देशाचे लक्ष गेले. १९७८ मध्ये ओनोंनी टोयोटा उत्पादन पद्धतीवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचा इंग्रजी अनुवाद १९८८ मध्ये आला. या पुस्तकात त्यांनी हेन्री फोर्ड यांच्यावर आदराने लिहिले आहे. अखंड प्रवाहाची फोर्ड यांची मूळ कल्पना त्यांच्या वारसदारांनी नीट समजून घेतली नाही, असे त्यांचे मत होते.

१९८४ मध्ये टोयोटा व जनरल मोटर्स यांच्या भागीदारीतून कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे कारखाना सुरू झाला आणि ही पद्धत जपानबाहेर, अमेरिकन कामगारांकडूनही चालू शकते हे दिसून आले. १९८८ मध्ये जॉन क्राफसिक यांनी तिच्यासाठी ‘लीन’ हा शब्द वापरला. जेम्स वोमॅक व डॅनियल जोन्स यांनी १९९६च्या पुस्तकात ओनोंच्या दृष्टीने शीतपेयाच्या एका डब्याचा खाणीपासून ग्राहकापर्यंतचा मार्ग मोजला. या प्रवासाला ३१९ दिवस लागत होते आणि त्यांपैकी प्रत्यक्ष प्रक्रियेचा काळ अवघा तीन तासांचा होता. पुढे रुग्णालयांनी रुग्णाला करावी लागणारी प्रतीक्षा कमी करण्यासाठी ही पद्धत वापरली. सिॲटलमधील व्हर्जिनिया मेसन रुग्णालय हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. संगणक प्रणाली लिहिणाऱ्या गटांत तर कानबान हा शब्द आता चिठ्ठ्या लावलेल्या फलकासाठी वापरला जातो.

भारतात टोयोटाने किर्लोस्कर समूहाबरोबर १९९७ मध्ये भागीदारी केली आणि बंगळूरजवळ बिडदी येथे कारखाना उभारला. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील वाहन आणि सुट्या भागांच्या कारखान्यांतही कानबान, अँडॉन हे शब्द कामगारांच्या रोजच्या बोलण्यात रुळले आहेत.

मृत्यूनंतर

ओनोंचे निधन २८ मे १९९० रोजी टोयोटा शहरात झाले. १ फेब्रुवारी १९९७ रोजी कारिया येथील आयसिन सेइकी या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधील एक लहानसा व्हॉल्व्ह टोयोटा जवळजवळ पूर्णपणे तेथूनच घेत असे आणि हाताशी साठा जेमतेम काही तासांचा होता. काही दिवस टोयोटाचे जपानमधील बहुतेक कारखाने बंद पडले. इतर पुरवठादारांनी, त्यांत हा भाग पूर्वी कधीही न बनवलेलेही अनेक होते, आपापल्या यंत्रांवर तो काढून दिल्यामुळे आठवड्याभरात जुळणी पुन्हा सुरू होऊ शकली. २०११ च्या भूकंपानंतर मात्र कंपनीने पुरवठादारांच्या मागच्या पुरवठादारांचीही नोंद ठेवण्यास सुरुवात केली आणि ज्यांना पर्याय चटकन मिळत नाही अशा सेमीकंडक्टर चिपसारख्या भागांचा काही महिन्यांचा साठा ठेवण्याची सूचना दिली. २०२१ च्या प्रारंभी जगभर चिपची टंचाई झाली तेव्हा या साठ्यामुळे टोयोटाला इतर कंपन्यांपेक्षा अधिक काळ तग धरता आला, परंतु त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तिलाही उत्पादन कमी करावे लागले.